सर्व्हर नक्की किती? चाकणच्या एका कंपनीचं क्लाउड मायग्रेशन आणि त्याआधीची यादी

कंपनीचं नाव सांगत नाही आणि आतले आकडे ओळख पटू नये इतपत फिरवलेत, प्रमाण मात्र खरं ठेवलंय. मी यात डेटाच्या बाजूने होतो, म्हणजे सर्व्हर हलवणाऱ्यांत नव्हतो, कोणता हलवायचा हे ज्या यादीवरून ठरलं ती यादी उभी करणाऱ्यांत होतो. क्लाउड मायग्रेशनबद्दल, म्हणजे आपले सर्व्हर भाड्याच्या डेटा सेंटरवर नेण्याबद्दल, जे वाचायला मिळतं ते बहुतेक हलवून झाल्यानंतरचं कौतुक असतं. आमच्याकडे सगळी गंमत आधीच घडली, आणि युनिफाइड डेटा प्लॅटफॉर्मचा, म्हणजे सगळ्या सिस्टीमचा डेटा एका जागी आणणाऱ्या यंत्रणेचा, मोठा उपयोग झाला तो काय हलवायचं नाही हे कळायला.

पार्श्वभूमी

शीट मेटल प्रेसिंग आणि वेल्डेड असेंब्ली बनवणारी कंपनी, गिऱ्हाईक सगळे मोठे गाडीवाले. चाकणला दोन प्लांट, वाळूजला एक, साणंदला एक, हेड ऑफिस पुण्यात. मुख्य सर्व्हर रूम चाकणच्या पहिल्या प्लांटमध्ये, टूल रूमच्या वरच्या मजल्यावर, आणि डीआरच्या (मुख्य रूम बंद पडली तर कामाला येणाऱ्या राखीव व्यवस्थेच्या) नावाखाली वाळूजला एक रॅक, जो डीआर म्हणून कधी चालवून बघितला होता असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

२०२४ च्या सुरुवातीला तीन-चार गोष्टी एकदम अंगावर आल्या. विंडोज सर्व्हर २०१२ आरटू या ओएसचा सपोर्ट (म्हणजे मिळणारे अपडेट) १० ऑक्टोबर २०२३ ला संपलेला आणि आमच्याकडे त्यावर चालणारी बरीच मशिनं. सेंटओएस ७ या लिनक्स ओएसचा ३० जून २०२४ ला संपणार, एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेसचा ९ जुलै २०२४ ला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशिनं चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतली आणि त्यानंतर पर्पेच्युअल (एकदा घेतलं की कायमचं) लायसन्स विकणं बंद होऊन सगळं सबस्क्रिप्शनवर गेलं, त्यामुळे रिन्यूअलचा हिशोब नव्याने मांडावा लागणार होता. वर एका गिऱ्हाईकाच्या सिक्युरिटी ऑडिटमध्ये जुन्या ओएसवर लाल शेरा.

एमडींनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत त्या सर्व्हर रूमला कुलूप लागलं पाहिजे. हे वाक्य पुढे सगळ्यांना फार महागात पडलं कारण त्यात तारीख होती, पण कशाला कुलूप लावायचं तेच कुणाला माहीत नव्हतं.

अडचण

साधा प्रश्न होता, आपल्याकडे सर्व्हर किती? फायनान्सच्या अ‍ॅसेट रजिस्टरमध्ये ९४. व्हीसेंटरमध्ये, म्हणजे व्हीएमवेअरच्या कंट्रोल पॅनलमध्ये, २८७. इन्फ्राच्या (सर्व्हर-नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमच्या) एक्सेलमध्ये २३१, आणि ती एक्सेल बनवणारा माणूस दीड वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेलेला. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे विंडोज नेटवर्कच्या नोंदवहीत, सर्व्हर म्हणून नोंदलेली नावं ४०२.

यातलं चुकीचं असं काहीच नव्हतं, हीच खरी पंचाईत. फायनान्सला फक्त लोखंड दिसतं, व्हर्च्युअल मशीनला टॅग नसतो, आणि भंगारात गेलेल्या दोन स्टोरेजवर अजून डेप्रिसिएशन चालू होतं. व्हीसेंटरमध्ये बंद पडून असलेली मशिनं पण मोजली जातात. डिरेक्टरीत मेलेल्यांची नावं कुणी काढत नाही. आणि प्लांटमधली माणसं तर या कुठल्याच नावाने बोलत नाहीत, त्यांच्यासाठी एक ‘जुना स्टोअर’ असतो, एक ‘बारकोडवाला’, एक ‘शिंदे साहेबांचा सर्व्हर’ आणि शिंदे साहेब रिटायर होऊन जमाना झाला.

याच अवस्थेत क्लाउड पार्टनरचं (मायग्रेशन करून देणाऱ्या कंपनीचं) प्रपोजल आलं. त्यांनी व्हीसेंटरची यादी घेतली, ज्या मशीनला जेवढा सीपीयू आणि रॅम दिलेला तेवढाच क्लाउडवर धरला आणि महिन्याचा आकडा काढला. सीएफओंनी तो आकडा जुन्या एएमसीशी आणि वीजबिलाशी ताडून बघितला आणि म्हणाले, हे तर दुपटीच्या वर जातंय, मग जायचं कशाला? आयटी हेड म्हणाले, अहो सर, पण आपण एवढं वापरतच नाही. सीएफओ म्हणाले, मग किती वापरतो ते सांगा. आणि तिथे सगळे गप्प.

समोर असलेले पर्याय

एक, नवीन हार्डवेअर घ्या आणि आहे तिथेच राहा. हे कुणाला आवडत नव्हतं पण आकड्यात सगळ्यात सरळ होतं, आणि खरं सांगायचं तर शेवटपर्यंत हा पर्याय टेबलावर होता, तो ठेवल्यामुळेच बाकीच्यांना उत्तरं द्यावी लागली.

दोन, पार्टनर म्हणतो तसं सगळं उचला आणि नेऊन ठेवा, नंतर बघू कमी-जास्त. झटपट होतं. पण ‘नंतर बघू’ वाले सर्व्हर नंतर कुणी बघत नाही हे कंपनीत सगळ्यांनाच माहीत होतं, मागच्या व्हर्च्युअलायझेशनच्या वेळी तेच झालेलं.

तीन, क्लाउडवाल्यांची स्वतःची डिस्कव्हरी टूलं वापरा. अझूर मायग्रेट आहे, एडब्ल्यूएसची आहेत. चांगली असतात, सीपीयू-रॅमचा खरा वापर आणि कोण कुणाशी बोलतं हे बऱ्यापैकी दाखवतात. पण हा सर्व्हर बंद पडला तर कुठली लाइन थांबते, त्याच्यावरच्या लायसन्सचा करार काय म्हणतो, त्याच्या नावाने वर्षभरात किती तिकिटं आली आणि तो नेमका कुणाचा, हे ते टूल सांगू शकत नाही, कारण ती माहिती त्याच्याकडे नसतेच.

चौथा पर्याय क्वालिटीच्या एका मॅडमनी सुचवला, आणि तो आयटीतून आला नाही याचं मला अजून नवल वाटतं. कंपनीने वर्षभर आधी रिजेक्शन आणि ओईईच्या (मशिनं किती कार्यक्षम चालतात त्याच्या) डॅशबोर्डसाठी एक डेटा प्लॅटफॉर्म उभा केला होता. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये पार्के फाइली, वर एसक्यूएल इंजिन, त्यावर बीआय टूल, म्हणजे डेटा साठवणं, त्याला प्रश्न विचारणं आणि उत्तर आलेखात दाखवणं. चारही प्लांटच्या पीएलसीपासून (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरपासून) ते गिऱ्हाईकाच्या कम्प्लेंटपर्यंत सगळं एका जागी येत होतं. मॅडम म्हणाल्या, प्रेसचा डेटा आपण जोडू शकतो तर सर्व्हरचा का नाही? नवीन काही विकत घ्यायचं नव्हतं, फक्त आयटीने स्वतःचा डेटा स्वतःच्याच प्लॅटफॉर्मवर टाकायचा होता.

ठरलं असं की तिसरा आणि चौथा एकत्र. डिस्कव्हरी टूल चालवायचं, पण त्याचा निकाल म्हणजे अंतिम उत्तर नाही, प्लॅटफॉर्ममध्ये येणाऱ्या अनेक फीडपैकी (डेटाच्या स्रोतांपैकी) तो एक.

काय केलं

फीड जोडणं सोपं गेलं. व्हीसेंटर, मॉनिटरिंग, कोअर स्विचचा नेटफ्लो (नेटवर्कवर कोण कुणाशी किती बोलतं त्याची नोंद), बॅकअपचे जॉब लॉग, तिकीट सिस्टीम, अ‍ॅसेट रजिस्टर, लायसन्सच्या पीडीएफवरून हाताने बनवलेला तक्ता. यात एक गोष्ट बारकाईने सांगतो कारण ती बऱ्याच ठिकाणी सुटते. व्हीसेंटर आपले परफॉर्मन्सचे आकडे जसेच्या तसे ठेवत नाही. डिफॉल्टला ५ मिनिटांचे आकडे १ दिवस, मग ३० मिनिटांची सरासरी १ आठवडा, २ तासांची १ महिना आणि त्यापुढे वर्षभर फक्त रोजची सरासरी. म्हणजे तुम्ही मागच्या वर्षाचा वापर काढायला गेलात तर रात्री दोन वाजता दोन तास तापलेला सर्व्हर चोवीस तासांच्या सरासरीत थंडगार दिसतो. म्हणून फीड जोडल्याच्या पहिल्या दिवसापासून रोज रात्री कच्चे आकडे उचलून प्लॅटफॉर्ममध्ये ठेवायला सुरुवात केली. मागचं गेलं ते गेलं.

खरं काम होतं जोडायची किल्ली, म्हणजे सगळ्या याद्यांत तोच सर्व्हर ओळखायची खूण, ठरवण्याचं. होस्टनेमवर जोडायला गेलो तर चाकण आणि साणंदला एकाच नावाची दोन मशिनं निघाली. आयपी बदलतात. शेवटी व्हर्च्युअल मशीनला बायोस यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि फिजिकलला सीरियल नंबर हे मुख्य धरलं, आणि बाजूला टोपणनावांचा एक वेगळा तक्ता ठेवला. हा तक्ता कॉम्प्युटरवर बसून भरता येत नाही. आमच्यातला एक मुलगा रोज एका डिपार्टमेंटला जाऊन बसायचा, स्टोअर, डिस्पॅच, टूल रूम, वेब्रिज (वजनकाटा), आणि विचारायचा, काका, हे बंद पडलं की तुम्ही कुणाला फोन करता आणि काय म्हणून सांगता? त्यातून ‘बारकोडवाला’ म्हणजे एक नाही तर तीन वेगवेगळे सर्व्हर आहेत हे कळलं. वाळूजचे लोक ज्याला बारकोडवाला म्हणतात तो चाकणवाल्यांच्या लेखी ‘लेबलचा पीसी’ होता. तिकिटांमधलं मराठी-इंग्रजी मिश्रण या तक्त्यावरून फिरवलं तेव्हा कुठे तिकिटं सर्व्हरला चिकटायला लागली.

आणि एक रकाना सक्तीचा केला, मालक. त्यात ‘आयटी’ हे उत्तर चालणार नाही असं ठरलं. जो माणूस म्हणेल की हा बंद करा किंवा हा बंद करू नका आणि त्याची जबाबदारी घेईल, तो मालक. बहुतेकांनी सुरुवातीला कानावर हात ठेवले. मग सीएफओंनी एक युक्ती केली, ज्या सर्व्हरला मालक नाही त्याचा अंदाजे खर्च सगळ्या डिपार्टमेंटवर सारखा वाटून टाकला. पंधरा दिवसांत रकाना झपझप भरला गेला.

सगळं जुळवल्यावर आकडा निघाला २४६. चारही याद्यांपेक्षा वेगळा.

निर्णयाचे टप्पे

पहिला वाद किती दिवस निरीक्षण करायचं यावर. पार्टनरचं म्हणणं दोन आठवडे पुरे. आमचं म्हणणं किमान ३५ दिवस, म्हणजे एक तरी महिनाअखेर, पगार, ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० चा ३बी हे जीएसटीचे रिटर्न त्यात येतील. भांडून ३५ मिळाले. पण तेवढेही पुरले नाहीत. एक सर्व्हर असा होता की ३५ दिवसांत तो कुणाशी एक शब्द बोलला नाही, लॉगिन नाही, ट्रॅफिक नाही. बंद करायच्या यादीत सगळ्यात वर. प्लॅटफॉर्मवर त्याच्या शेजारी तिकिटं आली तेव्हा दिसलं की वर्षातून तीन-चार वेळा, ठरावीक दिवसांत, त्याच्या नावाने एकदम घोळक्याने तिकिटं येतात. तो सप्लिमेंटरी इनव्हॉइसचा सर्व्हर होता. स्टीलचे भाव बदलले की गाडीवाले मागच्या तारखेपासून नवीन रेट मान्य करतात आणि मग आधी गेलेल्या सगळ्या मालाचा फरक काढून वेगळी इनव्हॉइस बनवायची असतात. फरकाची रक्कम लहान नसते. नुसत्या डिस्कव्हरी टूलवर विसंबलो असतो तर हा गेलाच होता.

दुसरा टप्पा लेबल. प्रत्येक बिनवर (माल भरायच्या पेटीवर) गिऱ्हाईकाच्या फॉरमॅटचं बारकोड लेबल लागतं, ते नसेल तर गाडी तिकडे उतरवून घेत नाहीत. लेबलचा प्रोग्रॅम भोसरीच्या एका छोट्या व्हेंडरने खूप वर्षांपूर्वी लिहिलेला, ईआरपीच्या (हिशोब, स्टोअर, डिस्पॅच सांभाळणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरच्या) ओरॅकल डेटाबेसला थेट जोडलेला. नेटफ्लो आणि डेटाबेसचा लॉग एकत्र बघितल्यावर दिसलं की एक लेबल काढायला तो डेटाबेसला जवळजवळ ३०० वेळा विचारतो. एकदा पार्ट नंबर, परत तोच पार्ट नंबर, मग वजन, मग परत पार्ट नंबर. प्लांटच्या आत एका फेरीला (प्रश्न जाऊन उत्तर यायला) अर्धा मिलिसेकंद लागतो म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, १२० बिनची गाडी १८ सेकंदांत व्हायची. ईआरपी क्लाउडच्या मुंबई रीजनला (तिथल्या डेटा सेंटरला) नेलं तर काय होईल हे बघायला व्हीपीएनवरून फेरी मोजली, ती ६ मिलिसेकंदांच्या आसपास भरली, म्हणजे एका लेबलला १.८ सेकंद आणि गाडीला साडेतीन मिनिटांच्या वर. ऐकायला साडेतीन मिनिटं काही नाही. डिस्पॅच सुपरवायझरना हे दाखवलं तर ते म्हणाले, “साहेब, संध्याकाळी सहाला माझ्याकडे एकामागे एक आठ गाड्या लागतात. तुम्ही सर्व्हर कुठं पण ठेवा, पण गिऱ्हाईकाची लाइन थांबली तर त्याचा डेबिट माझ्या नावावर येतो.”

इथे तीन वाटा होत्या. प्रोग्रॅम नव्याने लिहायचा, व्हेंडरने सरळ हात वर केले. ईआरपीच हलवायचं नाही, मग मायग्रेशनला अर्थ राहत नव्हता. किंवा लेबल प्लांटमध्येच ठेवायचं आणि त्याला लागणाऱ्या टेबलांची नक्कल जवळच ठेवायची. क्वेरी लॉगवरून कळलं की तो प्रोग्रॅम फक्त ७ टेबलं वाचतो. मग प्रत्येक प्लांटला दोन छोट्या सर्व्हरची जोडी ठेवली, त्यावर त्या ७ टेबलांची नक्कल, ईआरपीकडून ठरावीक वेळाने ताजी होणारी, टेबलांची नावं तीच म्हणजे प्रोग्रॅमला हात लावायला नको. शिवाय चाकणला रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडणं हा काही अपवाद नाही, लिंक गेली तरी लेबल चालू राहतं.

म्हणजे कुलूप लागणार नव्हतं. हे एमडींना सांगायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सांगितलं ते आकड्यांनीच, स्क्रीनवर एका बाजूला गाडीचा वेळ आणि दुसऱ्या बाजूला मागच्या वर्षीच्या लाइन स्टॉपेजच्या डेबिट नोटा. दोन मिनिटांत विषय संपला. माझ्या मते संपूर्ण प्रोजेक्टमध्ये प्लॅटफॉर्मने स्वतःची किंमत वसूल केली ती या दोन मिनिटांत, बाकीचे डॅशबोर्ड कुणी फारसे उघडले नाहीत.

तिसरा टप्पा साइझिंगचा, म्हणजे कुणाला किती ताकद द्यायची याचा. बहुतेक मशिनं दिलेल्या ताकदीच्या पाव भागही वापरत नव्हती, ती सरसकट लहान केली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण कॉस्टिंगचा एसक्यूएल सर्व्हर फसवा निघाला. सीपीयूची सरासरी ६ टक्के, पार्टनरने त्याला सगळ्यात लहान साइज सुचवलेली. कच्च्या आकड्यांत मात्र महिन्याच्या पहिल्या रात्री त्याची डिस्क बेफाम पळताना दिसायची. क्लाउडवर डिस्कच्या वेगाला मर्यादा असते आणि ती सीपीयू बघून कळत नाही, उदाहरणार्थ एडब्ल्यूएसच्या जीपी३ डिस्कला मुळात ३००० आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनाच्या खेपा) आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतात, जास्त हवं तर वेगळे पैसे. या एका सर्व्हरला सीपीयू कमी केला आणि डिस्क जास्त घेतली.

लायसन्सचा तक्ता इथेच कामाला आला. ओरॅकल एंटरप्राइझला आपल्या जागेतल्या इंटेल मशीनवर कोअर फॅक्टर (लायसन्स मोजायचा गुणक) ०.५ मिळतो, म्हणजे २ कोरला १ लायसन्स. त्यांनी मान्य केलेल्या क्लाउडवर हा फॅक्टर लागत नाही, तिथे हायपरथ्रेडिंग (एक कोर दोन असल्यासारखा दाखवणं) चालू असेल तर २ व्हीसीपीयूला (व्हर्च्युअल सीपीयूला) १ लायसन्स, आणि २ व्हीसीपीयू म्हणजे प्रत्यक्षात एकच कोर. तेवढ्याच ताकदीला दुप्पट लायसन्स. आणि एसक्यूएल सर्व्हरचं जुनं लायसन्स दुसऱ्याच्या क्लाउडवर न्यायला सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा देखभाल करार) चालू असावा लागतो, तो आमच्या काही सर्व्हरना होता आणि काहींना नव्हता. कुठला सर्व्हर कुठल्या करारात आहे हे आधी कुणी जोडूनच बघितलं नव्हतं. पार्टनरच्या प्रपोजलमध्ये हा खर्च शून्य धरलेला.

चौथा टप्पा ईआरपी कधी हलवायचं. सगळ्यांच्या डोक्यात दिवाळीच होती, प्लांट बंद, माणसं घरी, याहून चांगला मुहूर्त कुठला? अकाउंट्सच्या हेडनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सिस्टीम बंद म्हणजे पूजा कशाची करायची असं म्हणून आधीच नाराजी दाखवलेली, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, पाडवा शनिवारी, भाऊबीज रविवारी ३ ला. प्लॅटफॉर्मवर ईआरपीचा लोड तारखेनुसार मांडला तर दिसलं की दिवाळी संपून सोमवारी ४ तारखेला सगळे कामावर येणार ते थेट ऑक्टोबरच्या क्लोजिंगवर, मग पगार, मग ११ चा रिटर्न, म्हणजे नव्या जागी आलेल्या सिस्टीमचा पहिलाच आठवडा महिन्यातला सगळ्यात जड आठवडा. सगळ्यात हलका काळ दर महिन्याला १३ ते १८ च्या दरम्यान. म्हणून १६-१७ नोव्हेंबरचा शनिवार-रविवार धरला. प्लांट चालू असताना. ईआरपी बंद असताना ई-इनव्हॉइसचा आयआरएन (सरकारी नोंदणी क्रमांक) आणि ई-वे बिल निघत नाही आणि त्याशिवाय गाडी गेटबाहेर काढता येत नाही, त्यामुळे रविवारच्या गाड्या शनिवारी रात्रीच काढून दिल्या. ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त लागलं पण सोमवारची पहिली शिफ्ट नेहमीसारखी सुरू झाली.

बंद करायच्या सर्व्हरना लगेच डिलीट करायचं नाही असं ठरलं होतं, आधी फक्त नेटवर्क कार्ड बंद करायचं आणि कोण ओरडतं ते बघायचं. पहिल्याच बॅचमध्ये वाळूजहून ओरड आली, दुपारी साडेबाराला. कॅन्टीनचं कुपन मशीन बंद. सर्व्हरचं नाव होतं ‘टेस्ट०४’. माणसं ताट घेऊन रांगेत आणि कुपन निघेना, मग तिथल्या अ‍ॅडमिनवाल्या भाऊंनी वहीत सह्या घेऊन सगळ्यांना जेवू घातलं. तो सर्व्हर नेटफ्लोमध्ये दिसला नाही कारण फ्लो फक्त चाकणच्या कोअर स्विचवरून येत होता, आणि कुपन मशीन ते सर्व्हर हा सगळा संवाद वाळूजच्या आतल्या आत. ट्रॅफिक दिसत नाही आणि ट्रॅफिक नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मग वाळूज आणि साणंदच्या स्विचवर फ्लो चालू केला, परत ३५ दिवस थांबलो आणि मगच पुढची बॅच.

जुन्या ईआरपीच्या सर्व्हरबद्दल वेगळाच मुद्दा निघाला. वापर शून्य, पण कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर हवा. म्हणून सर्व्हर बंद केला, डेटा भारतातल्याच स्वस्त स्टोरेजमध्ये टाकला आणि तो उघडून वाचता येतो का हे अकाउंट्सकडून करवून घेतलं, त्यांची सही घेऊनच.

निकाल

२४६ पैकी १३६ क्लाउडवर गेले, ४१ प्लांटमध्ये राहिले, ५८ बंद झाले. उरलेल्या ११ चं शेवटी सांगतो. खर्च पार्टनरच्या पहिल्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे जुन्या खर्चाच्या थोडा वरच. सीएफओ खूश नव्हते पण आता त्यांना प्रत्येक रुपया कुठल्या डिपार्टमेंटचा हे दिसत होतं. ऑडिटमधला लाल शेरा गेला. डीआर प्रथमच खरोखर चालवून बघितला गेला.

पहिलं पूर्ण महिन्याचं बिल मात्र अंदाजाच्या बरंच वर आलं. कारण टूल रूम. डिझाइनवाल्यांच्या कॅडच्या फाइली इतर फाइल शेअरबरोबर क्लाउडवर गेल्या होत्या, आणि डाय बनवणारी माणसं दिवसभर त्या मोठाल्या फाइली उघडतात, बंद करतात, परत उघडतात. क्लाउडमध्ये डेटा आत जायला पैसे नाहीत, बाहेर यायला आहेत. नेटफ्लोमध्ये बाइटची दिशा आधीपासून होती, फक्त रिपोर्ट बनवताना दोन्ही दिशा एकत्र मोजल्या गेल्या होत्या. तो शेअर दुसऱ्या महिन्यात परत प्लांटला आणला, टूल रूमवाले तर आनंदीच झाले कारण फाइल उघडायला लागणारा वेळही कमी झाला.

परत करायचं झालं तर

मालकाचा रकाना सगळ्यात आधी. फीड जोडण्यात पहिले दोन महिने गेले आणि मालक शोधायला त्यानंतर सुरुवात झाली, खरंतर हे दोन्ही बरोबर चालू शकलं असतं, आणि फीड नसली तरी माणसाला विचारता येतंच.

निरीक्षण ३५ दिवसांऐवजी एक पूर्ण तिमाही. तारखेचं दडपण होतं म्हणून जमलं नाही, पण किल्ल्या ठरेपर्यंत कच्चे आकडे गोळा करत बसायला काहीच अडकलं नव्हतं, ते काम जानेवारीतच चालू करता आलं असतं. आणि हो, सगळ्या प्लांटच्या स्विचवरून.

क्लाउडचं बिलिंग पहिल्या लाटेपासून (हलवलेल्या सर्व्हरच्या पहिल्या तुकडीपासून) त्याच प्लॅटफॉर्ममध्ये यायला हवं होतं. पहिली लाट जुलैत गेली, एचआर पोर्टल, व्हेंडर पोर्टल, टेस्ट सर्व्हर वगैरे, आणि बिलिंगची फीड जोडली गेली डिसेंबरात, कॅडचा धक्का बसल्यावर.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. काहींचं म्हणणं एवढा खटाटोप २४६ सर्व्हरसाठी जास्त झाला, एक हुशार माणूस आणि एक नीट एक्सेल यात भागलं असतं. कंपनी याच्या निम्मी असती तर मी पण तेच म्हटलं असतं. इथे चार प्लांट, चार वेगवेगळ्या बोली आणि दर पंधरा दिवसांनी बदलणारी यादी होती, आणि एक्सेल कुणाच्या लॅपटॉपवरची खरी यावरूनच मागचं भांडण झालेलं. प्लॅटफॉर्म आधीच होता हे मात्र विसरता येत नाही, शून्यातून उभा करायचा असता तर हार्डवेअर रिफ्रेशचा पर्याय जिंकला असता.

आणि ते ११. त्यांना मालक मिळालेला नाही, पण त्यांच्याशी रोज कुणीतरी बोलतंय असं फ्लोमध्ये दिसतं. त्यातले ४ साणंदचे आहेत. चाकणच्या सर्व्हर रूमचा एक रॅक फक्त यांच्यासाठी चालू आहे, त्याचा खर्च अजून सगळ्या डिपार्टमेंटवर सारखा वाटला जातो, आणि दर महिन्याच्या आढावा मीटिंगमध्ये सीएफओ पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारतात.